पाठीतलं पाणी, साखरेचं कवच आणि हडपसरची लस

‘पाठीतलं पाणी तपासावं लागेल,’ असं डॉक्टर म्हणाले की पुण्यातल्या कुठल्याही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पहिला प्रश्न ठरलेला: पाय तर जाणार नाहीत ना? मग गावाकडून काकांचा फोन येतो, ‘अजिबात सही करू नका, आमच्या इथल्या एकाला तेव्हापासून चालता येत नाही.’ सही होईपर्यंत संध्याकाळ उलटते. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांना येणाऱ्या सुजेत, ती एक संध्याकाळ फार महाग पडू शकते. म्हणून या आजारावरच्या संशोधनाकडे वळण्याआधी ही सुई नेमकी कुठे जाते तेवढं सांगतो.

मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या टोकापर्यंत पोचतच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे पाण्यात सैल लोंबणाऱ्या नसा असतात आणि त्या सुईसमोरून बाजूला सरकतात. काढायचं पाणी काही मिलिलिटर. शरीर हे पाणी रोज सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने बनवतं, म्हणजे तासाला वीसेक. काढलेलं तासाभरात भरून निघतं. नंतर काही जणांचं डोकं दुखतं, हे खरं. पण काकांच्या ओळखीतल्या त्या माणसाचे पाय गेले असतील, तर बहुधा ज्या आजारासाठी पाणी काढलं त्या आजाराने. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा डोक्यातला दाब फार वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात. पण तेव्हाही अँटिबायोटिक थांबत नाही, रक्ताचा नमुना घेऊन ते लगेच सुरू होतं.

हे पाणी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांमधून फिरत असतं. निरोगी माणसाचं इतकं नितळ असतं की नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर बारीक अक्षरंही वाचता येतात. जिवाणूंचा संसर्ग झाला की अक्षरं पुसट होतात. प्रयोगशाळेत पहिली नजर अशी टाकली जाते, मग मोजदाद. एरवी या पाण्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात; आजारात एका थेंबाच्या अंशात त्या शेकड्याने, हजाराने दिसतात. साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असायला हवी, ती पार खाली जाते. प्रथिनं वाढतात. मग काचेवर एक थेंब वाळवून जंतू ओळखण्यासाठीचा ‘ग्रॅम’ नावाचा रंग द्यायचा आणि भिंगाखाली बघायचं. जोडीजोडीने बसलेले जांभळे ठिपके दिसले तर न्यूमोकोकस. कॉफीच्या बियांसारख्या गुलाबी जोड्या म्हणजे मेनिंगोकोकस. बारीक गुलाबी काड्या दिसल्या तर हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, त्यातही बहुतेकदा त्याचा ‘बी’ प्रकार, ज्याला बालरोगतज्ज्ञ ‘हिब’ म्हणतात. नवजात बाळांचा मामला वेगळा; तिथे ई. कोलाय, क्लेब्सिएला असे आतड्यातले आणि वॉर्डातले जंतू पुढे असतात, आणि आपल्याकडे ते औषधांना दाद न देणारे निघण्याचं प्रमाण काळजी वाटावी इतकं आहे.

क्षयाचा मेनिंजायटिसही आपल्याकडे भरपूर दिसतो, पण तो आठवडेच्या आठवडे दबा धरून येतो आणि त्याचे उपचार महिनोन् महिने चालतात. लहानपणी दंडावर देतात ती बीसीजी बाळांना मुख्यतः अशाच गंभीर क्षयापासून वाचवते. तो विषय स्वतंत्र लेखाचा. इथे बोलतोय ते एका दिवसात माणूस आडवा करणाऱ्या आजाराबद्दल: ताप, जोराचं डोकं दुखणं, उलट्या, मान पुढे न वाकणं, उजेड नकोसा होणं, मग गुंगी. तान्ह्या बाळात यातलं काहीच धड दिसत नाही. ते दूध ओढेनासं होतं, विचित्र आवाजात रडतं, टाळू वर आलेली असते.

आता मुद्द्याकडे. जंतू मारणारी औषधं हाताशी असताना हा आजार अजूनही इतका घातक का? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात जिवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या दर सहा जणांपैकी एक दगावतो आणि वाचलेल्या दर पाचांतल्या एकाला मोठं अपंगत्व राहतं.

याचं एक कारण जागेत आहे. रक्तातले प्रतिपिंड (अँटिबॉडी) आणि जंतूंना भोकं पाडणारी प्रथिनं मेंदूभोवतीच्या पाण्यात फारशी येत नाहीत. मेंदूला रक्तातल्या सटरफटर गोष्टींचा त्रास होऊ नये अशीच ती व्यवस्था आहे. जंतू एकदा आत शिरला की त्याला अडवायला तिथे कुणी नसतं. दुसरं कारण जास्त विचित्र आहे. अँटिबायोटिकने जंतू फुटतो, तेव्हा त्याच्या भिंतीचे तुकडे पाण्यात पसरतात, आणि शरीर त्या तुकड्यांवर तुटून पडतं. सूज वाढते, दाब वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे नुकसानीचा मोठा वाटा आपल्याच प्रतिकाराचा.

मग आधी सूज आवरायचं औषध देऊन पाहावं, हे ओघाने आलं. २००२ मध्ये युरोपातल्या ३०१ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या थोडं आधी किंवा त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, तर मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. औषध जुनं, स्वस्त, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं. असे निकाल रोज हाती लागत नाहीत.

पण त्याच वर्षी आफ्रिकेतल्या मलावीमधून मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला: काही फरक नाही. २००७ मध्ये तिथल्याच ४६५ प्रौढांवरचा निकालही तसाच. औषध मिळो न मिळो, दोन्ही गटांत निम्म्याहून जास्त माणसं गेली. औषध तेच, मात्रा त्याच धर्तीची. मलावीतल्या रुग्णांपैकी बहुतेकांना एचआयव्ही होता आणि अनेक जण उशिरा पोचले होते. मला या दोन निकालांची जोडी कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवणारी वाटते. ‘परदेशात सिद्ध झालंय’ हे वाक्य आपण फार सहज वापरतो. सिद्ध कुणावर झालं, ते किती तासांत दवाखान्यात आले, हे विचारायचं राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात स्टेरॉइड आहे, पण साथ नसलेल्या ठिकाणी आणि जिथे पाणी तपासायची सोय आहे तिथे, असं बजावून.

उलट दिशेनेही एक चांगलं संशोधन झालं. बांगलादेश, पाकिस्तान, इजिप्त, मलावी आणि व्हिएतनाम इथल्या हजारेक मुलांवर पाहिलं गेलं की सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक दहा दिवस द्यायलाच हवं का. पाचव्या दिवशी मूल स्थिर असेल तर तिथेच थांबवलं तरी चालतं, असं २०११ मध्ये दिसलं. पाच दिवस कमी म्हणजे पाच दिवसांचा खाटेचा खर्च आणि बापाची बुडणारी मजुरी कमी. असली संशोधनं बातमीत येत नाहीत.

आणि कान. मेंदूभोवतीचं पाणी एका सूक्ष्म नलिकेने आतल्या कानाशी जोडलेलं असतं. जंतू आणि सूज तिथून आतल्या कानाच्या शंखासारख्या वळणदार भागात उतरतात आणि आवाज टिपणाऱ्या केसपेशी मारतात. पुढे काही आठवड्यांत-महिन्यांत शंखाच्या पोकळीत हाड भरायला लागतं. एकदा ते भरलं की कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणं अवघड होऊन बसतं. त्यामुळे मेनिंजायटिसमधून उठलेल्या मुलाची श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी, निदान महिन्याभरात व्हायलाच हवी. ‘अजून बोलत नाही, पण याचे बाबाही उशिराच बोलले होते’ असं म्हणत वर्ष घालवलेली कुटुंबं प्रत्येक ऑडिओलॉजिस्टला माहीत असतात.

तर उपचाराची धाव इथपर्यंत. खरा फरक पडला तो आजार होऊच न देण्यातून, आणि त्या गोष्टीचा एक मोठा तुकडा आपल्या सोलापूर रोडवरच घडला.

शंभर वर्षांपूर्वी या आजारावर एकच उपाय होता, घोडा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर घोड्यांना मेनिंगोकोकसचे डोस टोचत आणि त्यांच्या रक्तातलं सीरम, म्हणजे प्रतिपिंड असलेला पातळ भाग, रुग्णाच्या पाठीतून आत सोडत. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १,३०० रुग्णांचा हिशेब मांडला. मृत्यूचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होतं, जे त्या काळी फार मोठं यश होतं. सल्फा आणि पेनिसिलिन आल्यावर घोडे मागे पडले. पण सीरमचा धंदा संपला नाही. पुण्यातल्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरून शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, धनुर्वाताचं सीरम करायला. ते आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट काढली. पुढे तिथे धनुर्वाताची लस मोठ्या प्रमाणावर बनू लागली. हा धनुर्वात लक्षात ठेवा.

मेनिंजायटिसचे तिन्ही मुख्य जंतू अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच घालून असतात. या कवचामुळे पांढऱ्या पेशींना ते गिळता येत नाहीत. कवचच ओळखायला शिकवलं तर? १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या संशोधकांनी मेनिंगोकोकसची शुद्ध साखर बराकीतल्या जवानांना टोचली आणि ती लागू पडली. अडचण लहान मुलांत आली. दोन वर्षांखालच्या बाळाला नुसती साखर टोचली तर त्याचं शरीर तिची दखलच घेत नाही. मोठ्यांतही तिची आठवण फार टिकत नाही.

कारण असं. प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींना जोमाने कामाला लावायला टी-पेशींची मदत लागते, आणि टी-पेशी फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखतात, साखर नाही. सरकारी कचेरीत नुसता अर्ज महिनोन् महिने पडून राहतो. टेबलावरच्या माणसाच्या ओळखीतली चिठ्ठी त्याला जोडली की फाइल हलते. इथे चिठ्ठी म्हणजे प्रथिन. साखर आणि प्रथिन रासायनिक बंधाने पक्कं जोडायचं. बी-पेशी साखरेसाठी हा जोड गिळते, आतलं प्रथिन चावून त्याचे तुकडे टी-पेशीला दाखवते, टी-पेशी मान डोलावते आणि प्रतिपिंड बनतात ते मात्र साखरेविरुद्ध. शिवाय आठवण राहते. या जोडणीची कल्पना एव्हरी आणि गोबेल यांनी रॉकफेलरमध्येच १९२९ च्या सुमारास सशांवर दाखवली होती. पुढची पन्नास वर्षं ती जवळपास तशीच पडून राहिली! १९८० च्या दशकात रॉबिन्स आणि श्नीअर्सन, तसंच अँडरसन आणि स्मिथ या दोन अमेरिकी जोड्यांनी तिच्यातून हिबची लस केली. अमेरिकेत आधी दर वर्षी पाच वर्षांखालच्या सुमारे २०,००० मुलांना हिबचा गंभीर आजार होत असे. तो ९९ टक्क्यांनी घटला.

बाळाला चिठ्ठी म्हणून कुठलं प्रथिन द्यावं? निर्विष केलेलं धनुर्वाताचं प्रथिन त्यासाठी फार सोयीचं. शरीराला ते चांगलं ओळखता येतं, आणि हडपसरला ते ढिगाने बनत होतं.

आता आफ्रिका. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला एक पट्टा आहे, त्याला ‘मेनिंजायटिस पट्टा’च म्हणतात. डिसेंबरपासून कोरडे, धुळीचे वारे सुटतात, घसे सोलवटतात आणि ‘ए’ गटाचा मेनिंगोकोकस पसरतो (या जंतूचे गट कवचातल्या साखरेवरून पडतात). पहिला पाऊस पडला की साथ ओसरते. १९९६-९७ मध्ये तिथे अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० मेले. श्रीमंत देशांत ‘ए’ गट जवळपास नव्हता. त्यामुळे त्याची लस करण्यात बड्या कंपन्यांना रस नव्हता.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशावर एक प्रकल्प सुरू केला. त्याचे प्रमुख मार्क लाफोर्स यांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, किती किंमत परवडेल? उत्तर आलं: डोसमागे अर्धा डॉलर, त्यावर नाही. तेव्हाच्या दराने वीस-पंचवीस रुपये. या प्रकल्पाचं मला कौतुक वाटतं ते याच क्रमासाठी. आधी लस करून मग किंमत ठरवायची हा रिवाज. इथे किंमत आधी ठरली आणि तिच्यात बसेल अशी लस शोधली गेली. बड्या कंपन्यांशी जमलं नाही, तेव्हा काम वाटून घेतलं. साखर सुरुवातीला अॅमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून आली. साखर-प्रथिन जोडण्याची नवी पद्धत अमेरिकी औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दिली; जुन्या पद्धतींत बरीच साखर वाया जायची, हिच्यात कमी. धनुर्वाताचं प्रथिन, जोडणी, बाटल्या भरणं हे सगळं हडपसरला. किमतीचा प्रश्न सुटला तो मुख्यतः या जोडणीच्या रसायनात. स्वस्त लस म्हणजे कमी प्रतीची लस, असं आपल्या मनात कुठेतरी असतं. इथे स्वस्ताई हाच संशोधनाचा सर्वांत अवघड भाग होता.

‘मेनअफ्रिव्हॅक’ नावाची ही लस ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली. एक ते २९ वर्षांच्या सगळ्यांना एक डोस. वयाची ही रेघ मुद्दाम आखली होती. मेनिंगोकोकस निरोगी माणसांच्या घशात निवांत राहतो आणि तरुण मंडळी तो इकडून तिकडे नेतात. साखर-प्रथिनाची अशी जोड-लस रक्ताबरोबर घशातही काम करते, म्हणून वाहणारेच कमी होतात आणि लस न घेतलेलेही वाचतात. चाडमध्ये लसीकरणानंतर मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि ‘ए’ गट घशात बाळगणारे लोक जवळपास सापडेनासे झाले. २०१२ मध्ये या लसीला आणखी एक परवानगी मिळाली: ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस, बर्फाविना. जिथे वीज नाही तिथे लस पोचवणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं यामुळे निम्म्याहून कमी झालं असेल. तीस कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली आहे आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा एकही पक्का रुग्ण नोंदलेला नाही.

जंतूचे बाकीचे गट मात्र होतेच. ‘सी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’च्या साथी येत राहिल्या, ‘एक्स’वर तर जगात लसच नव्हती. पुण्यातच ‘मेनफाइव्ह’ तयार झाली, पाच गटांच्या साखरा एकत्र असलेली. पैसा ब्रिटिश सरकारचा, साथीला पुन्हा ‘पाथ’. माली आणि गांबियातल्या १,८०० जणांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले, त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली.

मग आपल्या पोरांना काय मिळतं? महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीत हिब आहे. ती २०११ च्या डिसेंबरात केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली तेव्हा मोठा वाद झाला होता. आपल्याकडे हिब फारसा नाहीच, असं म्हणणारे डॉक्टर कमी नव्हते. पण हा जंतू प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या साध्या रक्ताच्या अगारवर (जेलीवर) नीट वाढत नाही, त्याला रक्त तापवून केलेला तपकिरी चॉकलेट अगार लागतो, आणि पाणी काढण्याआधी अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले असतील तर तिथेही उगवत नाही. सापडत नव्हता, याचा अर्थ नव्हता असा होत नाही. न्यूमोकोकसची लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. लसीकरणाच्या कार्डावर ‘पीसीव्ही’च्या, म्हणजे याच लसीच्या, तीन चौकटी भरल्यात का, ते आजच बघा. नवव्या महिन्याची हमखास राहते, कारण तोवर आई कामावर रुजू झालेली असते.

मेनिंगोकोकसची लस मात्र सरसकट दिली जात नाही. आपल्याकडे त्याच्या साथी अधूनमधून येतात, २००५ मध्ये दिल्लीत ‘ए’ गटाची आली होती, पण रोजचा भार न्यूमोकोकसचा. पुणेकरांची या लसीशी गाठ दोनच ठिकाणी पडते. एक, हजला निघालेल्यांना ‘ए, सी, डब्ल्यू, वाय’ ही चार गटांची लस पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दोन, जून-जुलैमध्ये एमएसला अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींचे विद्यापीठाचे फॉर्म. त्यात मेनिंगोकोकसचा रकाना असतो आणि कधी कधी त्याखाली त्याच्याच ‘बी’ गटाचा वेगळा. पालक हमखास विचारतात, एकदा घेतली ना, मग परत कशाला?

‘बी’ गटाचं साखरेचं कवच आपल्याच मेंदूत, विशेषतः गर्भाच्या मेंदूत, असलेल्या एका साखरेसारखं असतं. शरीर तिला परकी मानत नाही, आणि मानलं तर आणखीच भीती. म्हणून जोड-लसीचा मार्ग इथे बंद. रिनो रॅप्पुओली आणि सहकाऱ्यांनी या जंतूचा अख्खा जनुकसंच वाचून, २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्याच्या पृष्ठभागावर कोणती प्रथिनं असतील ते संगणकावर हुडकलं आणि त्यांतून लस केली. युरोपात तिला २०१३ मध्ये परवानगी मिळाली. पण दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे ३५,००० शाळकरी मुलांवर पाहिलं तर घशात जंतू बाळगणाऱ्यांचं प्रमाण तिच्यामुळे घटलं नाही. म्हणजे चार गटांच्या लसीत शेजाऱ्याचाही फायदा होतो. ‘बी’ची ज्याने घेतली त्यालाच. फॉर्ममध्ये दोन्ही रकाने असतील तर दोन्ही लसी लागतात, एकीवर दुसरीचं भागत नाही. आणि ‘बी’चे एकाहून जास्त डोस असतात, मध्ये अंतर ठेवून, तेव्हा विमानाचं तिकीट निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा प्रवेशाचं पत्र हातात पडलं की डॉक्टरांकडे जावं.